बँडसॉवर फळी चिरताना: वाचकांचे प्रश्न

या वेळच्या टपालात बँडसॉची (दोन चाकांवरून फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडच्या आरीची) पत्रं जास्त आहेत, आणि तीही बहुतेक एकाच कामाबद्दल: जाड फळी कडेवर उभी करून तिच्यातून पातळ फळ्या काढायच्या. वखारीत याला नुसतं ‘चिरणं’ म्हणतात, मशीनच्या माहितीपुस्तिकेत ‘रीसॉइंग’. पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमधून लाकूड चिरून आणता येतं, पण मोठ्या आऱ्याच्या जाड पट्ट्यात लाकूडही तसंच जातं. घरच्या १४ इंची (म्हणजे चाकाचा व्यास १४ इंच) मशीनवर कापात जेमतेम एक मिलिमीटर जातो. अर्थात, मशीन नीट लागलेलं असेल तर. उत्तरांत मापं मिलिमीटरमध्ये आहेत; जिथे सुतार सुतात बोलतात तिथे सूत. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, साधारण ३ मिमी.

प्रश्न : १४ इंची बँडसॉवर सागाची ५ इंच उंचीची फळी चिरली. सुरुवातीला जाडी ८ मिमी आली, शेवटी ५. दुसरी फळी वर-खाली ७ मिमी, पण मध्ये फुगलेली. फेन्स (लाकूड टेकवून सरकवायची उभी भिंत) गुण्यात, म्हणजे काटकोनात आहे, दोनदा तपासली. मशीन परत करू का? (धायरी)

परत करू नका. तुम्ही लिहिलेले दोष दोन आहेत आणि त्यांची कारणं वेगळी आहेत. दोन्हींसाठी एकच स्क्रू फिरवत बसलात तर गुंता वाढेल. कोणताही नट सैल करण्याआधी निघालेली फळी व्हर्नियरने मोजा: दोन्ही टोकांना, प्रत्येक टोकाला वर, मध्ये आणि खाली. फळीच्या मधल्या भागात व्हर्नियरचे जबडे आत पोचत नाहीत, म्हणून ती मधोमध आडवी कापा आणि कापलेल्या तोंडावर मोजा. एक फळी वाया जाते, पण रोग कळतो.

लांबीत जाडी सरकत गेली आणि वर-खाली मात्र सारखीच राहिली (तुमची पहिली फळी), तर ब्लेड फेन्सला समांतर चाललेलं नाही. वर आणि खाली बरोबर, मध्येच जाड किंवा पातळ (तुमची दुसरी), तर ब्लेडला लाकडाच्या आत पोट सुटलंय. तिसरा प्रकार तुमच्याकडे दिसत नाही, तरी सांगून ठेवतो: वरची कड जाड, खालची पातळ आणि हा फरक अख्ख्या लांबीत तेवढाच, तर टेबल ब्लेडशी काटकोनात नाही किंवा फेन्स झुकली आहे. तो दोष गुण्या लावून पाच मिनिटांत निघतो.

आता पहिली फळी. ब्लेडचे दात एक आड एक डावी-उजवीकडे वाकवलेले असतात. एका बाजूचे दात जरा जास्त बाहेर असले किंवा जास्त धारदार असले, की ब्लेड त्या बाजूला ओढ घेतं. फेन्स टेबलाच्या खाचेला कितीही समांतर असली तरी ब्लेडला त्याचं काही नसतं. शिवाय चाकावर ब्लेड कुठे बसलंय यानेही दिशा बदलते. बहुतेक मशीनच्या चाकावरच्या रबरी टायरला मध्ये किंचित उंचवटा असतो. ब्लेड त्याच्या पुढे किंवा मागे सरकून बसलं की तोंड थोडं वळतं. म्हणून आधी ट्रॅकिंग: दातांमधल्या खाचांचा तळ उंचवट्याच्या माथ्यावर येईल असं वरचं चाक कलतं करा, हाताने चार फेरे फिरवून बघा, मगच मोटर चालू करा. टायर सपाट असेल तर पुस्तिकेत दिलेली जागा धरा.

त्यानंतर ओढ मोजायची. साधारण ५० सेंमी लांब, ८-१० सेंमी रुंद, एक कड रंधून सरळ केलेला टाकाऊ तुकडा घ्या. त्या कडेला समांतर पेन्सिलीची रेघ मारा. फेन्स काढून ठेवा आणि नुसत्या हाताने रेघेवरून कापत जा. रेघ सुटू नये म्हणून तुम्ही तुकडा नकळत थोडा तिरका धराल; तोच ब्लेडचा कोन. निम्मं कापल्यावर तुकडा जागेवर घट्ट धरा, मशीन बंद करा, ब्लेड पूर्ण थांबू द्या आणि तुकड्याच्या सरळ कडेने टेबलावर रेघ ओढा. फेन्स त्या रेघेला समांतर लावा. दोन-तीन अंशांहून जास्त तिरकी लावावी लागली तर फेन्सला छळू नका, ब्लेड बदला. ब्लेड बदललं की ही परीक्षा पुन्हा करायची, कारण प्रत्येक ब्लेडची ओढ निराळी असते.

दुसऱ्या फळीचं कारण ताण कमी असणं, असं बहुतेक जण समजतात आणि ताणाचा स्क्रू आवळत सुटतात. ताण हे कारण असू शकतं, पण आम्ही ते शेवटी तपासू. ब्लेडला वरचे आणि खालचे गाईड धरतात; मधले ५ इंच ते लाकडात एकटं असतं. तुम्ही फळी ढकलता तेव्हा दातांवर मागच्या दिशेने दाब येतो. दात बोथट असले, खाचा भुशाने भरल्या किंवा तुम्ही घाई केली, की दाब वाढतो आणि ब्लेडची पातळ पट्टी बाजूला झुकते. वर-खाली गाईडनी धरलेलं असल्यामुळे झुकते ती मधेच. ब्लेड आधी कशावर वापरलं होतं ते आठवून बघा. प्लायवुड कापलं असेल तर सागाला ते पुरणार नाही. नवं ब्लेड लावून, सावकाश चिरून पोट गेलं तर प्रश्न मिटला. नाही गेलं तर ताण बघा.

प्रश्न : दुकानदार म्हणाला, दात जितके जास्त तितका काप गुळगुळीत, म्हणून इंचाला १० दातांचं ब्लेड दिलं. धूर निघतो. पाऊण इंची रुंद ब्लेड घेऊ का? मशीन १४ इंची, मोटर दीड एचपी. (वारजे)

धूर दातांच्या संख्येमुळेच निघतोय. ६ इंच उंचीच्या लाकडात १० टीपीआयचे (इंचाला १० दातांचे) एका वेळी ६० दात असतात. प्रत्येक दात लाकूड सोलतो आणि तो भुसा खालून बाहेर पडेपर्यंत पुढच्या खाचेत कोंबून नेतो. सुटा झाल्यावर भुसा फुगतो, आणि इतक्या छोट्या खाचेत तो मावत नाही. खाच भरली की दात कापायचं सोडून घासायला लागतो. मग धूर, जळका वास आणि वरच्या उत्तरातलं ते पोट. १० दातांचं ब्लेड पातळ लाकडात वळणदार कापासाठी राखा. चिरायला इंचाला ३ दात, हूक पद्धतीचे, म्हणजे दाताचं तोंड किंचित पुढे झुकलेलं आणि खाच खोल. लाकूड ८ इंचांपुढे असेल तर २ दातही चालतात. तीन दातांचा काप खरबरीत येतो, हे दुकानदाराचं म्हणणं खरं आहे. पण चिरलेल्या तोंडावर नाहीतरी रंधा मारायचाच असतो.

रुंदीचं मात्र उलट आहे. रुंद ब्लेड सरळ जातं हे तत्त्व बरोबर, पण त्याला ताण देण्याची ताकद मशीनमध्ये हवी. हिशोब करून बघा. अर्धा इंची, ०.६ मिमी जाडीच्या ब्लेडची दातांमागची पाठ साधारण १० मिमी, म्हणजे काटछेद ६ चौरस मिमी. साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडला चौरस मिलिमीटरला साधारण १०० न्यूटन ताण लागतो. ब्लेडच्या दोन्ही बाजू ओढायच्या म्हणून दुप्पट: १२०० न्यूटन, सव्वाशे किलोच्या आसपास. पाऊण इंची, ०.८ मिमीच्या ब्लेडला हाच आकडा अडीचशे किलोपर्यंत जातो. १४ इंची मशीनची स्प्रिंग त्याआधीच पूर्ण दबते आणि चौकट वाकायला लागते. पेटीवर ‘पाऊण इंचापर्यंत’ लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ तेवढं ब्लेड चाकावर बसतं इतकाच. जाड ब्लेडला छोट्या चाकावर वाकताना जास्त ताण बसतो, म्हणून ते लवकर तुटतं, हा वेगळा तोटा. तुम्ही अर्धा इंची घ्या, जाडी ०.५ ते ०.६५ मिमी.

धातूचं म्हणाल तर सागात सिलिका असते, ती साधी धार पटकन खाते. महिन्यातून एखादी फळी चिरणाऱ्याला कार्बन स्टील पुरेसं आहे. बोथट झालं की बदलायचं. नेहमी साग किंवा शिसव चिरणाऱ्याने बायमेटल (पाठ लवचीक, दात जास्त कठीण पोलादाचे) घ्यावं, त्याची धार बरीच जास्त टिकते. कार्बाइडच्या दातांचं ब्लेड सर्वांत टिकाऊ आणि काप सर्वांत स्वच्छ, पण ते महाग असतं, जाड असतं आणि लाकडात एक खिळा निघाला की सगळे पैसे गेले.

प्रश्न : ताणाची पट्टी मशीनवर आहे, पण ती खरी वाटत नाही. काही जण ब्लेड वाजवून बघतात. खात्रीची रीत कोणती? (बिबवेवाडी)

त्या पट्टीवर भरवसा ठेवू नका. ती स्प्रिंग किती दबली तेवढंच सांगते, ब्लेडची जाडी तिला माहीत नसते. आणि स्प्रिंग जुनी झाली की तेही धड सांगत नाही. वाजवून ओळखणाऱ्याचा कान तयार झालेला असतो, तो उसना मिळत नाही.

घरी डिजिटल व्हर्नियर असेल तर ताण मोजता येतो. व्हर्नियर स्टीलचा हवा, प्लास्टिकचा नको. मशीनची विजेची पिन काढा. ब्लेडचा ढिलेपणा जाईल इतपतच ताण द्या. व्हर्नियर १५० मिमी उघडा आणि दोन्ही जबडे दोन छोट्या क्लॅम्पने ब्लेडच्या सपाट बाजूला, दातांपासून लांब, घट्ट बांधा. सरकता जबडा मोकळा सरकला पाहिजे, त्याचा स्क्रू आवळू नका. आकडा शून्य करा. आता ताणाचा स्क्रू हळूहळू फिरवा. ब्लेड लांबतं आणि आकडा वाढतो. ०.०७ ते ०.०८ मिमी झाला की थांबा. पोलाद दोन हजारांत एक भाग लांबलं की त्यात चौरस मिलिमीटरला साधारण १०० न्यूटन ताण असतो, आणि १५० मिमीचा दोन हजारावा भाग ०.०७५. बायमेटलला याच्या दीडपट लागतो. मशीन देऊ शकलं तर द्या. स्प्रिंगचे वेटोळे एकमेकांना चिकटले की पुढे आवळू नका.

एकदा आकडा आला की मशीनच्या पट्टीवर त्या ब्लेडपुरती रंगाची खूण करा. पुढच्या वेळी व्हर्नियर बांधायची गरज नाही. काम संपल्यावर ताण सैल करून ठेवा, नाहीतर टायरवर ब्लेडचा माग पडतो. आणि मशीनवर ‘ताण सैल आहे’ अशी चिठ्ठी अडकवा.

ताण दिल्यावर गाईड लावायचे, आधी नाही. बाजूचे गाईड खाचांच्या मागे राहतील असे, ब्लेडपासून कागदाच्या जाडीइतके लांब. दात गाईडमध्ये शिरले तर दातांची चाल, म्हणजे डावी-उजवीकडचा वाक, जाते. मागचं बेअरिंग ब्लेडपासून अर्धा मिमी, म्हणजे मशीन नुसतं चालत असताना ते फिरता कामा नये, लाकूड लावल्यावर फिरलं पाहिजे. वरचा गाईड लाकडाच्या वर दोन सुतांवर आणा. त्याची दांडी वर-खाली करताना गाईड किंचित सरकतात, म्हणून ज्या उंचीवर काम करायचं त्याच उंचीवर जुळवा.

प्रश्न : पेठेतला जुना वाडा उतरवला, त्यातल्या सागाच्या तुळईचे ६ बाय ६ इंचांचे, ४ फुटी तुकडे घेतले आहेत. त्यातून अर्धा इंची फळ्या काढून कपाटाला वापरायच्या. काय सांभाळू? (सदाशिव पेठ)

लाकूड चांगलं घेतलंत. इतकी वर्षं मुरलेला साग नव्यापेक्षा कमी हलतो, म्हणजे कमी फुगतो-आकसतो. पण ते लाकूड आधी घराचा भाग होतं, हे विसरलात तर ब्लेड विसरू देणार नाही.

पहिली गोष्ट लोखंड. कडीपाटाच्या फळ्या, पुढे विजेच्या वायरीच्या पट्ट्या, मग पंखे, कॅलेंडर: एका तुळईत कित्येक वर्षांचे खिळे असतात, आणि जुने घडीव खिळे बहुधा डोकं तुटून आत राहिलेले. सागातलं टॅनिन लोखंडाशी मिळून काळं-निळं होतं. लाकडाच्या रेषेवर लांबट काळा डाग दिसला की तिथे खिळा आहे किंवा होता. निओडायमियमचं लोहचुंबक दोऱ्याला टांगून पृष्ठभागाजवळून सावकाश फिरवा. जवळच्या खिळ्याकडे ते कलतं. खोल खिळा चुंबकाला कळत नाही, पितळी स्क्रू तर मुळीच नाही. त्यासाठी हातात धरायचा मेटल डिटेक्टर हवा, आणि प्रत्येक फळी काढल्यावर नव्या तोंडावर तो पुन्हा फिरवायचा. खिळा काढताना आजूबाजूचं लाकूड छिन्नीने थोडं खणा, पकडीला धरायला डोकं मिळेल एवढं. तुटलाच तर पोकळ ड्रिलने भोवतालच्या लाकडासकट काढा. भोकात नंतर सागाचीच खुंटी बसवता येते.

दुसरी गोष्ट चुना आणि माती. भेगांमध्ये गिलावा भरलेला असतो आणि त्यातली वाळू धारेला खिळ्याइतकीच वाईट, फक्त आवाज करत नाही. तारेच्या ब्रशने आणि जुन्या स्क्रू-ड्रायव्हरने भेगा कोरून काढा. तेलरंगाचे थर असतील तर ते घरात घासू नका, जुन्या रंगात शिसं असू शकतं. पहिले चार बाहेरचे काप टाकायला काढलेल्या जुन्या ब्लेडने घ्या, चांगलं ब्लेड त्यानंतर.

तिसरी गोष्ट वजन आणि उंची. ६ बाय ६ चा ४ फुटी तुकडा म्हणजे बरोबर एक घनफूट. सागाचं ते १८-१९ किलो होतं. टेबलाच्या पुढे-मागे आधार नसेल तर शेवटच्या फुटात तुकडा खाली झुकेल आणि ब्लेड अडकेल. टेबलाच्या उंचीचे रोलर स्टँड दोन्हीकडे ठेवा. शिवाय साध्या १४ इंची मशीनमध्ये गाईडखाली साधारण ६ इंचच मावतात. तुकडा जरा फुगलेला असेल तर जाणार नाही. बाहेरचे काप काढल्यावर मात्र आरामात बसेल.

आता चिरण्याची दिशा. टोकाच्या तोंडावर रंधा मारून गाभा कुठे आहे ते बघा. जुन्या तुळया अनेकदा गाभ्यासकट घडलेल्या असतात आणि भेगा गाभ्यातून बाहेर पळतात. सर्वांत रुंद भेग शोधा आणि तुकडा असा ठेवा की काप त्या भेगेला समांतर जातील. मग भेग एकाच फळीत सापडते. आडवे काप घेतलेत तर प्रत्येक फळीला तडा मिळेल. गाभ्याच्या आसपासच्या फळ्यांत वर्षवलयं फळीच्या तोंडाशी उभी येतात. त्या सर्वांत कमी हलतात. मधली गाभ्याची पट्टी काढून उरलेल्या अरुंद फळ्या कपाटाच्या चौकटीला वापरा. कडेच्या फळ्यांत कमानीसारख्या रेषा येतात, दिसायला देखण्या पण बाक घेणाऱ्या. त्या चौकटीच्या खाचेत मोकळ्या बसणाऱ्या पॅनेलला.

किती निघतील? बाहेरची सफाई वजा जाता १४४ मिमी धरा. १२ मिमी तयार फळीला एक मिमी काप आणि दोन मिमी रंध्याला, एकूण १५. कागदावर ९ येतात. भेगा आणि खिळे धरून ७ मोजा.

प्रश्न : पेट्यांच्या झाकणासाठी सागाचे ४ मिमीचे पातळ काप काढले. सरळ निघाले, दोन दिवसांत वाटीसारखे झाले. (हडपसर)

दोन दिवसांनी झाले, हे तुम्ही लिहिलंत ते बरं केलंत. काप ब्लेडमधून बाहेर येतानाच वाकला असता तर लाकडात कोंडलेला ताण, असं सांगितलं असतं. भट्टीत घाईने सुकवलेल्या लाकडात तो असतो आणि त्यावर घरी इलाज नाही, लाकूड बदलायचं. दिवस-दोन दिवसांनी वाकतं ते ओलाव्यामुळे. जाड फळी बाहेरून सुकलेली आणि आतून ओलसर असते. चिरल्यावर ते ओलं अंग उघडं पडतं, सुकून आकसतं, आणि वाटीचं तोंड नव्या कापाकडे होतं. तुमच्या वाट्या तशाच आहेत का बघा. उलट असतील, म्हणजे नवा काप बाहेर फुगला असेल, तर आतलं लाकूड कोरडं होतं आणि हवेतला दमटपणा त्याने ओढला. पुण्यात हे जूनमध्ये हमखास होतं. हवेची आर्द्रता ३० टक्के असेल तर लाकूड सहा टक्क्यांच्या आसपास ओलाव्यावर स्थिरावतं, ८० टक्के असेल तर सोळाच्या. एप्रिलच्या दुपारची हवा आणि जुलैची हवा यांत साधारण एवढं अंतर पडतं.

काप ४ मिमी हवा तर ६ चा काढा. चिरून झालं की लगेच थप्पी लावा: प्रत्येक दोन कापांमध्ये एकाच जाडीच्या पट्ट्या, एकीखाली एक बरोबर रांगेत, दर २५-३० सेंमीवर. वर सपाट प्लाय आणि त्यावर वजन. काप नुसते एकावर एक ठेवलेत तर वरचा आणि खालचाच सुकतो. पंखा थेट लावू नका. आठवडाभराने बाक मोजा, वाकायचे थांबले असतील तर दोन्ही बाजूंनी सारखं रंधून ४ वर आणा. एकाच बाजूने दोन मिमी काढलेत तर पुन्हा वाकतील. पिनांचा मॉइश्चर मीटर असेल तर मूळ फळीचं टोक कापून ताज्या तोंडावर टोचा. बाहेरच्या पृष्ठभागाचा आकडा फसवा असतो.

आणखी एक. पहिला काप काढल्यावर मूळ फळीचं चिरलेलं तोंड पुन्हा रंध्याखाली सपाट करूनच फेन्सला लावा. खरबरीत तोंड तसंच लावलं तर पहिल्या कापाची प्रत्येक चूक दुसऱ्यात उतरते. झाकणाला दोन काप पुस्तकासारखे उघडून जोडायचे असतील तर चिरण्यापूर्वी टोकावर खडूने तिरकी रेघ मारा, नंतर क्रम शोधावा लागत नाही.

प्रश्न : जोडून घेतलेलं ब्लेड तिसऱ्यांदा तुटलं, दर वेळी जोडाच्या शेजारीच. (भोसरी)

जोडावर नाही, शेजारी. म्हणजे वेल्ड पकडतंय, पण त्यानंतर ते नरम केलेलं नाही. वेल्डिंगच्या उष्णतेनंतर बाजूचं पोलाद झटकन थंड होतं आणि काचेसारखं ठिसूळ बनतं. जोडयंत्रावरच तो भाग पुन्हा मंद तापवून हळूहळू थंड करायचा असतो. दुकानात घाई असली की हीच पायरी सुटते. ब्लेड घेताना जोड हाताने चाकाएवढ्या वळणात वाकवून बघा. वळण गोल आलं तर ठीक, जोडाशी कोन पडला किंवा तो भाग ताठ राहिला तर तिथेच परत द्या.

जोड दोन्ही अंगांनी घासून सपाट हवा, आणि पाठीला पट्टी लावली तर उजेड दिसता कामा नये. मशीन चालताना ‘टक टक टक’ असा नेमाने आवाज येत असेल तर जोडाचा उंचवटा गाईडला आपटतोय. १४ इंची मशीनचं ब्लेड साडेत्र्याण्णव इंच, म्हणजे २.३७५ मीटर. ते सेकंदाला १५ मीटर पळतं तेव्हा जोड दर सेकंदाला सहा फेऱ्या मारतो, दोन चाकांवर बारा-तेरा वेळा वाकतो, तासाला पंचेचाळीस हजार वेळा. तेवढ्यात ठिसूळ जागा टिकणार नाही. जोड चांगला असूनही ब्लेड इतरत्र, खाचेच्या तळातून तुटत असेल तर मात्र ब्लेड जाड आहे, मागचं बेअरिंग रुतलंय किंवा ब्लेडचं वय झालंय.

ब्लेड तुटल्याचा धाडकन आवाज आला की लाकूड सोडा, मागे व्हा, स्विच बंद करा. चाकं पूर्ण थांबेपर्यंत दार उघडू नका.

थोडक्यात

*फेन्स किती उंच हवी? (कात्रज)* फळीच्या उंचीच्या निम्म्याहून जास्त, पाऊण असेल तर उत्तम. १८ मिमी प्लायचे दोन तुकडे काटकोनात स्क्रूने जोडून, मागे तीन त्रिकोणी आधार देऊन घरी होते. मागचं टोक ब्लेडच्या दातांपुढे इंच-दीड इंचावरच संपवा. चिरलेलं लाकूड उघडून बाहेर फाकलं तर फेन्स त्याला ब्लेडवर दाबत नाही.

*किती वेगाने ढकलायचं? (नऱ्हे)* दीड एचपी आणि ६ इंची साग असेल तर एक फूट जायला ३० ते ४० सेकंद. मोटरचा आवाज खाली बसला की हात सैल करा. शेवटचे ६ इंच हाताने नाही, लाकडी ठोकळ्याने ढकला. हातमोजे घालू नका.

*मोटर तापते. (फुरसुंगी)* लांब, बारीक एक्स्टेंशन वायर काढून टाका. १६ अँपिअरचा सॉकेट, २.५ चौरस मिमी तांब्याची वायर.

*ब्लेडवर काळा चिकट थर बसतो. (औंध)* तेल आणि राळ. ब्लेड काढून कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून बुडवा, नायलॉन ब्रशने घासा, लगेच पुसून तेलाचा हात फिरवा. खालच्या चाकाच्या टायरवरही हा थर आणि भुसा दबून बसतो आणि ट्रॅकिंग भरकटतं. तिथे एक ताठ ब्रश कायमचा बसवून टाका. सागाचा भुसा नाकाला आणि कातडीला झोंबतो, मास्क एन-९५ हवा.

*बागेतल्या जांभळाचं गोल खोड थेट चिरू का? (बाणेर)* थेट नाही. गोल खोड दातांनी धरलं की गरकन फिरतं आणि हात ओढून नेतं. प्लायची सरळ घसरपट्टी करा, खोड तिच्यावर दोन्ही टोकांनी स्क्रूने आवळा, स्क्रू कापाच्या वाटेत येणार नाहीत हे बघा, आणि एक सपाट तोंड काढा. ते टेबलावर ठेवून दुसरं काढा. ओलं लाकूड असेल तर टोकांना आधी जुना ऑइलपेंट फासा, नाहीतर फळ्या होण्याआधीच टोकं फाटतात. आणि हे काम धंदा म्हणून इतरांसाठी करायचा विचार असेल तर आधी वन विभागात चौकशी करा, महाराष्ट्रात आरागिरणीला परवाना लागतो.